टॅटूच्या शाईची रिअ‍ॅक्शन: ओळखायची कशी, दाखवायची कुठे आणि काय अजिबात लावायचं नाही

टॅटू काढून बरेच महिने झालेले असतात. खपल्या पडून गेल्या, रंग छान बसला, लोकांचं कौतुकही करून झालं. आणि मग एक दिवस त्यातला फक्त लाल भाग खाजायला लागतो. माझ्या दंडावरच्या कमळाचं असंच झालं. पाकळ्या फुगून वर आल्या, त्यांच्याभोवतीची काळी रेघ मात्र सपाटच राहिली. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लाल कुठे संपतो आणि काळा कुठे सुरू होतो ते कळायचं. रात्री अंगावर पांघरूण आलं की खाज आणखी वाढायची.

ज्याला दाखवावं तो नवा सल्ला द्यायचा. उष्णता झाली असेल, सुई खोल गेली असेल, मेडिकलमधून अमुक ट्यूब आण. "कुठल्या रंगावर आलंय? टॅटू काढून किती दिवस झालेत?" हे मला पहिल्यांदा विचारलं ते त्वचारोगतज्ज्ञांनी. आज कोणी मला फोटो पाठवला की मीही आधी हेच दोन प्रश्न विचारते, कारण निम्मा गुंता तिथेच सुटतो. पुढचं सगळं याच दोन प्रश्नांच्या आधाराने लिहिलं आहे. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्यापर्यंत वेळेवर आणि नीट माहिती घेऊन पोचणं तुमच्या हातात आहे.

१. आधी बघा, थांबण्यासारखं आहे का

ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. टॅटूनंतर असं फार क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा प्रश्न असतो.

त्याच दिवशी डॉक्टर गाठावा अशी दुसरी लक्षणं जंतुसंसर्गाची आहेत: थंडी वाजून ताप, टॅटूच्या बाहेर पसरत जाणारी गरम लाली, पू, ठणका, टॅटूपासून वर सरकणारी लाल रेघ, काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ. लाली पसरते आहे की नाही हे नजरेला लवकर कळत नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा आणि शेजारी वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेपलीकडे गेली असेल तर निघा. मधुमेह असणाऱ्यांनी, स्टेरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी रेघेचीही वाट बघू नये.

२. शाई कातडीत जाऊन काय करते, हे थोडक्यात

हे समजलं की पुढच्या पायऱ्या का आहेत ते आपोआप कळतं.

सुई शाई सोडते ती कातडीच्या वरच्या थरात नाही, त्याखालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल. वरचा थर सतत झडत असतो, खालचा झडत नाही, म्हणून टॅटू टिकतो. शरीराच्या दृष्टीने ही शाई म्हणजे बाहेरून आलेला कचरा. तो गिळायला भक्षक पेशी येतात, पण रंगाचे कण त्यांना पचवता येत नाहीत, म्हणून ते पोटात घेऊन त्या तिथेच बसतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातले कण बाहेर पडतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे बाहेरून टॅटू शांत दिसत असला तरी आत शरीराची संरक्षणयंत्रणा रोज त्या रंगाच्या संपर्कात असते. म्हणूनच अ‍ॅलर्जी महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा उपटू शकते. "इतके दिवस काही झालं नाही, मग आता शाईमुळे कसं होईल?" या प्रश्नाचं हे उत्तर आहे. हा प्रश्न मला डॉक्टर नसलेल्या प्रत्येकाने विचारला आहे.

काही कण तिथे थांबतही नाहीत, ते जवळच्या लसीका गाठींपर्यंत जातात. दंडावर टॅटू असलेल्याच्या काखेतल्या गाठी आतून रंगलेल्या सापडतात. पुढे कधी स्तनाची किंवा गाठींची तपासणी करायची वेळ आली तर टॅटू असल्याचं आणि तो कधी काढला हे डॉक्टरांना सांगा.

लाल रंगच का? पूर्वी टॅटूच्या लाल शाईत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग असायचं. आता त्याची जागा बहुतेक अ‍ॅझो जातीच्या सेंद्रिय रंगांनी घेतली आहे. यातले बरेच रंग मुळात छपाई, प्लास्टिक आणि ऑइलपेंटसाठी तयार झालेले आहेत, कातडीत टोचण्यासाठी नव्हे. ऊन आणि शरीरातल्या रासायनिक क्रियांनी त्यांचे तुकडे पडतात, आणि अ‍ॅलर्जी अनेकदा मूळ रंगाची नसून या तुकड्यांपासून आत तयार झालेल्या पदार्थाची असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, सातव्या पायरीला लागेल.

३. वेळ बघा

पहिले दोन-तीन दिवस लाली, गरमपणा, थोडी सूज आणि पाणचट रंगीत लस येणं हे जखमेचं नेहमीचं लक्षण आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून साल निघायला लागते आणि खाज सुटते. दोन ते चार आठवड्यांत वरची कातडी भरते. या काळातली लाली दिवसागणिक कमी होत गेली पाहिजे. कमी होता होता ती परत वाढली तर संसर्गाचा विचार करा.

पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात, विशेषतः राखाडी शेडिंगमध्ये, बारीक लाल पुळ्या उठल्या आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर वेगळ्या जातीचे जंतू असू शकतात. क्षयरोगाच्या जंतूंचे हे पाण्यात आणि मातीत वाढणारे नातेवाईक. २०११-१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढलेल्या १९ जणांना असा संसर्ग झाला होता. तपासाचा माग गेला तो आधीच पातळ करून बाटलीत भरून आलेल्या राखाडी शाईपर्यंत. म्हणजे सुई नवी, ग्लोव्ह्ज नवे, स्टुडिओ चकाचक, तरी असं होऊ शकतं. काळ्या शाईत साधं पाणी घालून राखाडी छटा करणाऱ्या ठिकाणी हा धोका असतोच, मग ते पाणी बिसलरीचं का असेना. निर्जंतुक पाणी वेगळं असतं.

काही आठवडे, महिने किंवा वर्षांनी एकाच रंगाचा भाग जाड होणं, खाजणं, खवले धरणं ही शाईच्या अ‍ॅलर्जीची ठळक खूण.

फक्त उन्हात गेल्यावर टॅटू फुगतो, चुरचुरतो आणि सावलीत आल्यावर काही वेळात बसतो, असंही होतं. कॅडमियम असलेल्या पिवळ्या रंगासाठी हे फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे, पण लाल आणि काळ्या भागातही होतं. त्याची नोंद वेगळी ठेवा.

४. मग रंग आणि आकार बघा

चांगल्या उजेडात, शक्यतो सकाळी खिडकीजवळ, टॅटू निरखा. बोटाचं टोक हळूच फिरवा.

फक्त लाल, गुलाबी, जांभळा किंवा केशरी भाग वर आला असेल आणि बाकीचा सपाट असेल, तर शाईची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मोठी. गुलाबी, जांभळ्या, केशरीत लाल रंग मिसळलेला असतो हे लोक विसरतात. माझ्या ओळखीतल्या एकीच्या मोरपिसावर फक्त जांभळा डोळा सुजला होता आणि ती "माझ्यात लाल नाहीच" म्हणत राहिली. दुसऱ्या जुन्या टॅटूतला तोच रंगही त्याच सुमारास खाजायला लागला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, ती महत्त्वाची खूण आहे.

टॅटूच्या आकाराशी काही संबंध न ठेवता चौकोनी किंवा आयताकृती लाली आली असेल, तर संशय शाईवर घेऊ नका. टॅटूवर लावलेल्या पारदर्शक फिल्मच्या डिंकाची ती अ‍ॅलर्जी असते. लाली जिथपर्यंत मलम चोळलं तिथपर्यंत असेल तर संशय मलमावर.

काळ्या भागात, विशेषतः दाट भरलेल्या ठिकाणी, दाणेदार गाठी आल्या तर अ‍ॅलर्जीपेक्षा शाईचे कण एकत्र साचून आलेली सूज असण्याचा संभव जास्त. पण त्याच्याबरोबर कोरडा खोकला, दम लागणं किंवा डोळा लाल होऊन दुखणं असेल तर हलगर्जीपणा करू नका. सार्कॉइडोसिस नावाचा आजार कधी कधी टॅटूतूनच पहिल्यांदा दिसतो. तो फुप्फुसात आणि डोळ्यांत असू शकतो. आपल्याकडे त्याची आणि क्षयाची गल्लत होते, त्यामुळे डॉक्टर छातीचा एक्स-रे काढून दोन्हींच्या तपासण्या सांगतील. घाबरून जाऊ नका, करून घ्या.

टॅटूच्या रेषांवर नेमके सोरायसिसचे पांढरे खवले, लायकेन प्लेनसचे जांभळट चपटे पुळे किंवा कोडाचे पांढरे डाग आले तर दोष शाईचा नसतो. हे आजार कातडीला इजा झालेल्या जागी उमटतात. घरात कोणाला यातलं काही असेल तर तेही सांगा.

आणि एक गोष्ट जी शहरी स्टुडिओंच्या चर्चेत कधीच येत नाही. जत्रेत, आठवडी बाजारात, एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांना गोंदलेलं असेल आणि त्या गोंदणावर किंवा त्याच्या आसपास बऱ्याच वर्षांनी फिकट किंवा तांबूस चट्टा आला, जो खाजत नाही, उलट तिथे स्पर्शच कमी कळतो, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. भिलाईतून अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या आहेत. आजीच्या हातावरच्या गोंदणाकडे आपण कौतुकाने बघतो, एकदा या नजरेनेही बघा. सरकारी दवाखान्यात याची औषधं मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. अशाच सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीही पसरू शकतात, पण ते कातडीवर दिसत नाहीत. शंका असेल तर रक्ततपासणी करून घ्या.

५. डॉक्टरांकडे जाईपर्यंत काय करायचं, आणि काय अजिबात नाही

करायचं ते थोडं आहे. साध्या, बिनवासाच्या साबणाने हलकेच धुवा, टिपून कोरडं करा. खाजेसाठी स्वच्छ ओला थंड कपडा दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. कोरडेपणा असेल तर साधी पेट्रोलियम जेली चालते. उन्हात जाताना सैल सुती बाही. नखं कापून टाका, कारण झोपेत खाजवणं थांबवता येत नाही. सेटिरिझिनसारखी खाजेची गोळी बरेच डॉक्टर फोनवरही सांगतात, पण गरोदर असाल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा गाडी चालवायची असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता न करण्याचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण बहुतेकांचं नुकसान शाईपेक्षा इथेच होतं.

मेडिकलच्या काउंटरवर "खाज येते" म्हटलं की मिळणारी ट्यूब. खरूज, गजकर्ण, अ‍ॅलर्जी सगळ्यावर चालते म्हणून दिली जाते. तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामिथासोन आणि त्याच्यासोबत एक बुरशीचं आणि एक जंतूंचं औषध, असं त्रिकूट असतं. यातलं पहिलं नाव स्टेरॉइडचं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण संसर्ग असेल तर तो आत वाढत राहतो, वरून शांत दिसतो, आणि डॉक्टरांना खरं चित्रच दिसत नाही. आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या मलमांच्या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षं मोहीम चालवते आहे. तेच स्टेरॉइड डॉक्टरांनी ठरवून, ठरलेल्या दिवसांसाठी दिलं तर शाईच्या अ‍ॅलर्जीवरचं पहिलं औषध तेच आहे. फरक निदानाचा आहे.

दुसरी सापळ्याची जागा म्हणजे घराघरातलं सोफ्रामायसिन. त्यातलं फ्रामायसेटिन आणि निओस्पोरिनमधलं निओमायसिन ही सख्खी भावंडं आहेत, आणि निओमायसिनची स्पर्श-अ‍ॅलर्जी असणारे लोक कमी नाहीत. एकाने लाली वाढली म्हणून माणूस दुसरं लावतो आणि ती आणखी वाढते. अशा वेळी दोष टॅटूला जातो.

हळद, लिंबू, चुना, टूथपेस्ट, कडुनिंबाचा वाटलेला पाला, यातलं काहीही उघड्या किंवा सुजलेल्या टॅटूवर नको. हळदीचीसुद्धा अ‍ॅलर्जी होते, आणि तिच्या पिवळेपणाखाली लाली किती आहे तेच कळत नाही. आई-आजी प्रेमाने लावायला येतील. त्यांना "डॉक्टरांनी काही लावू नको म्हणून सांगितलंय" एवढं सांगितलं की भागतं.

आणि सगळ्यात मोठा धोका: "एवढा त्रास आहे तर लेझरने काढून टाक." अ‍ॅलर्जी आलेल्या टॅटूवर टॅटू काढून टाकण्याचं नेहमीचं लेझर मारलं की रंगाचे कण फुटतात, बारीक होतात आणि शरीरभर जातात. त्यातून अंगभर रिअ‍ॅक्शन आल्याच्या नोंदी आहेत. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा सवलतीचं पॅकेज देणाऱ्या ठिकाणी "अ‍ॅलर्जी आहे का?" हे कोणी विचारणारही नाही. लेझर हवंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाने, अ‍ॅलर्जी आहे हे माहीत असताना, विचार करून ठरवलेलं हवं.

त्या जागेवर नव्या रंगाने कव्हर-अप करण्याचंही नाव काढू नका.

६. कागद आणि फोटो जमवा

ही पायरी आजच करा, त्रास कमी असला तरी. शाईची बाटली संपली की माहितीही संपते.

स्टुडिओला फोन करण्यापेक्षा लेखी मेसेज करा आणि भांडणाने सुरुवात करू नका. आर्टिस्टला दोषी ठरवलं की तो गप्प बसतो. मी साधारण असा मेसेज केला होता: "तुम्ही काढलेल्या टॅटूतल्या लाल रंगावर सूज आली आहे. डॉक्टरांना दाखवायचं आहे, त्यांना शाईची माहिती हवी आहे. लाल शाईच्या बाटलीचा पुढचा-मागचा लेबलचा फोटो पाठवाल का?" तासाभरात फोटो आला.

लेबलवर हे शोधा: कंपनीचं आणि रंगाचं नाव, बॅच किंवा लॉट क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, आणि घटकांच्या यादीतले सी.आय. या अक्षरांपुढचे पाच आकडी क्रमांक. हा रंगद्रव्याचा जागतिक क्रमांक असतो आणि बाटलीवरच्या आकर्षक नावापेक्षा तोच कामाचा. ७७२६६ म्हणजे काजळीपासूनचा काळा, ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा, ७७४९१ लोहाचा तांबडा, ७४१६० निळा, ७४२६० हिरवा. १२३१५ आणि १२४७५ हे अ‍ॅझो जातीचे लाल, अ‍ॅलर्जीच्या चर्चेत वरचेवर येणारे. लेबलवर क्रमांकच नसेल तर तेही लिहून ठेवा.

सोबत हे घ्या:
- टॅटू काढल्याची तारीख, बिल किंवा ऑनलाइन पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट
- नवा असतानाचा फोटो, आणि त्रास सुरू झाल्यापासूनचे तारीखवार फोटो, शेजारी पट्टी ठेवून, एकाच उजेडात. एक फोटो बाजूने, उंचवटा दिसेल असा
- आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब. नाव आठवायचा प्रयत्न करू नका, ट्यूबच पिशवीत टाका
- चालू गोळ्यांची यादी, आणि हेअर डाय, काळी मेंदी, बेन्टेक्सचे दागिने, एखादं औषध यांची पूर्वी कधी अ‍ॅलर्जी आली असेल तर तिची नोंद
- जुने रिपोर्ट असतील तर साखर, छातीचा एक्स-रे

७. कुठे दाखवायचं आणि तपासण्या कोणत्या

त्वचारोगातली एमडी ही पदवी किंवा डीव्हीडी ही पदविका असलेला त्वचारोगतज्ज्ञ हवा. "स्किन क्लिनिक" अशी पाटी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तो असतोच असं नाही, विचारून घ्या. खासगी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, या सगळीकडे त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, टॅटूचा भाग पटकन दाखवता येईल असे कपडे घाला. अशा ठिकाणी गर्दी असते, पण बायोप्सी आणि जंतूंच्या तपासण्या एकाच आवारात होतात हा मोठा फायदा.

आत गेल्यावर गोष्ट लांबवू नका. "अमुक तारखेला टॅटू, अमुक तारखेपासून फक्त लाल भाग वर आलाय, उन्हाने वाढतं किंवा वाढत नाही, हे हे लावलं." एवढ्यात सगळं येतं.

पॅच टेस्टबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. पाठीवर चिकटपट्ट्यांखाली संशयित पदार्थ लावून दोन दिवसांनी आणि मग पुन्हा दोनेक दिवसांनी बघतात. मलम, डिंक, निकेल, हेअर डाय यांच्यासाठी ती उत्तम. शाईसाठी मात्र ती पुष्कळदा निगेटिव्ह येते, अगदी खरी अ‍ॅलर्जी असतानाही. कारण वर सांगितलं: त्रास देणारा पदार्थ बाटलीत नसतोच, तो कातडीत काही काळाने तयार होतो. कोपनहेगनमधल्या टॅटूच्या तक्रारींसाठी चालणाऱ्या विशेष दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे वारंवार मांडलं आहे. तेव्हा पॅच टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून "शाई निर्दोष आहे" असं कोणी म्हणालं तर ते पूर्ण उत्तर नाही.

खरं चित्र बायोप्सीतून कळतं. जागा बधिर करून ३-४ मिलिमीटरचा गोल तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो. दुखतं ते बधिर करण्याच्या इंजेक्शनचं, नंतरचं नाही. संसर्गाची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग जंतूंच्या कल्चरला पाठवायला डॉक्टरांना आधीच विचारा. एकदा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की त्यातून जंतू वाढवता येत नाहीत. मंद वाढणाऱ्या जंतूंच्या कल्चरला आठवडे लागतात, रिपोर्ट लगेच आला नाही म्हणून धीर सोडू नका.

८. उपचारांकडून काय अपेक्षा ठेवायची

सुरुवात बहुधा तीव्र स्टेरॉइड मलमाने, ठरावीक आठवड्यांसाठी. जाड भागावर मलम आत पोचत नाही, तेव्हा ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं इंजेक्शन थेट सुजलेल्या भागात देतात, काही आठवड्यांच्या अंतराने. टोचताना चांगलंच झोंबतं. माझ्या पाकळ्या याने बसल्या, पण एका पाकळीच्या टोकाला कातडी किंचित खोल आणि फिकट झाली. हा इंजेक्शनचा माहीत असलेला परिणाम आहे, आधी विचारून मनाची तयारी ठेवा.

मुख्य अडचण ही की रंग आत आहे तोवर कारणही आत आहे. म्हणून औषध थांबल्यावर काहींना परत सूज येते. अशा वेळी रंगीत थर शस्त्रक्रियेने तासून काढणं हा मार्ग असतो. त्यात टॅटूचा तो भाग जातो आणि व्रण राहतो. ज्यांना रात्र-रात्र झोप नाही, त्यांना तो व्रण परवडतो. घाईने ठरवू नका, फोटो बघून दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचं मत घ्या.

संसर्ग निघाला तर रस्ता अगदी वेगळा. साध्या जंतूंना काही दिवसांचं अँटिबायोटिक, रोचेस्टरसारख्या जंतूंना मात्र काही महिने औषधं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

९. पुढचा टॅटू, काळी मेंदी आणि इतर खबरदारी

एका लाल रंगाची अ‍ॅलर्जी आली असेल तर पुढे लाल आणि त्याच्या मिश्रणाचे रंग टाळा. सगळ्या कंपन्यांचे. काळ्या रंगाची अ‍ॅलर्जी विरळा, त्यामुळे बरेच जण पुढे फक्त काळ्यावर थांबतात, मीही. कानामागे किंवा दंडाच्या आत दोन-तीन ठिपके टोचून बघायची पद्धत आहे. त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण अ‍ॅलर्जी महिन्यांनी येते. करायचंच तर निदान दीड-दोन महिने थांबा. दुसऱ्या दिवशी "काही झालं नाही" म्हणून मोठा टॅटू काढायला बसणं म्हणजे ठिपके न टोचल्यासारखंच.

शाई कुठली वापरणार हे आधी विचारा आणि सीलबंद बाटली समोर उघडायला सांगा. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या ४,००० हून अधिक रसायनांवर मर्यादा किंवा बंदी आणली, म्हणून त्या नियमांत बसणारी शाई वापरतो असं सांगणारा आर्टिस्ट निदान लेबल वाचतो. त्याने अ‍ॅलर्जी येणारच नाही असं नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये कर्नाटकच्या आरोग्य खात्याने शाईच्या नमुन्यांत जड धातू सापडल्याचं सांगून केंद्राने मानकं ठरवावीत अशी मागणी केली. ती मानकं येईपर्यंत लेबल वाचण्याचं काम आपल्यालाच करायचं आहे.

छाती, खांदे किंवा कानाच्या पाळीवर पूर्वी एखादी जखम जाड व्रण होऊन वाढली असेल, तर त्या जागी टॅटू नकोच. गरोदरपणात, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असताना, थांबा.

गोव्याच्या किनाऱ्यांवर, लग्नाच्या हॉलमध्ये, जत्रेत लावतात ती "काळी मेंदी" म्हणजे निरुपद्रवी तात्पुरता टॅटू असं समजू नका. मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस-तपकिरीच असतो. तासाभरात कुळकुळीत काळं होतं त्यात बहुधा हेअर डायमधलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने नक्षीच्याच आकाराचे फोड येतात. फोड जातात, अ‍ॅलर्जी जन्मभर राहते. नंतर केसांना काळा रंग लावला की कपाळ, पापण्या, मान सुजते. लहान मुलांना तर ही अजिबात लावू देऊ नका. एकदा फोड आले असतील तर हेअर डाय घेताना पीपीडी नसलेला, तोही त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच.

एमआरआय असेल तर टॅटूबद्दल तंत्रज्ञाला आधी सांगा. लोहयुक्त रंगाच्या टॅटूत क्वचित चटका किंवा ओढ जाणवते. तसं झालं तर हातातलं बटण दाबायचं, सहन करत पडून राहायचं नाही. टॅटू आहे म्हणून एमआरआय टाळण्याचं मात्र कारण नाही.

रक्तदात्यांसाठी: आपल्याकडच्या राष्ट्रीय नियमांनुसार टॅटू काढल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. शिबिरातल्या फॉर्मवर तो प्रश्न असतो, तिथे टॅटूची खरी तारीख लिहा आणि रिअ‍ॅक्शनसाठी कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्याही लिहा.